सात नंबरचा फ्रीझर

रात्री साडेदहानंतर हे विद्यापीठ माझं असतं.
तीन मजले, एकशे बारा दारं,
आणि किल्ल्यांचा हा जुडगा, जो आपटून आपटून
डाव्या कमरेवर घट्टा करून बसलाय.

बाहेर उणे अठरा. नदी
दोन्ही काठांकडून गोठत मधोमध आलीये.
आत रिकाम्या वर्गांतले रेडिएटर
रात्रभर बाकांना ऊब देत बसलेत.

नव्या समितीने मला वही दिली.
"ऊर्वे, रात्री काय काय चालू राहतं, ते लिही."
तीस वर्षं ऐकतेच आहे. लिहिलं नव्हतं, एवढंच.
लिहिलं:
ग्रंथालयातला पडदा, अंधाराला 'सुस्वागतम' म्हणणारा.
कॉफीचं यंत्र.
रसायनशास्त्रात धूर ओढणाऱ्या कपाटाची काच, हातभर उघडी.
तिच्यातून अख्ख्या इमारतीची ऊब
छपरावर जाते, कावळ्यांकडे.
कावळ्यांची काही तक्रार नाही. ओळीने बसतात.

वीज कुठून येते ते मला शिकवू नका.
माझा बाप कोख्तला-यार्वेच्या खाणीत होता.
आमच्या एस्टोनियन भाषेत त्या दगडाचं नावच जळता दगड.
बाप घरी आला की आई आधी त्याचे कान धुवायची.
राखेचे डोंगर अजून आहेत तिथे,
हिवाळ्यात पोरं त्यांवरून घसरतात.

आणि मग तळमजल्यावर सात नंबर.
उणे ऐंशी. एका घराची वीज एकटा पितो
आणि वर कण्हतो.
दारावर चिकटपट्टी: "कूस्क. हात लावू नये."
प्राध्यापक एन्देल कूस्कना जाऊन नऊ वर्षं झाली.
कुणी हात लावला नाही.
बैठकीत विषय निघाला की सगळे टेबलाकडे बघायचे.
बंद करा म्हणायला म्हणे डॉक्टरेट लागते.
चालू ठेवायला काही लागत नाही.

मारेट, दुसऱ्या वर्षाची पोरगी, म्हणाली, उघडूया तरी.
गाडीची काच खरवडायच्या पट्टीने बर्फ काढला.
दोनशे चाळीस बाटल्या. दलदलीतलं शेवाळ.
शाई उडालेली. तीनच वाचता आल्या,
त्यांतल्या एकीवर क्रमांक नव्हता, लिहिलं होतं,
"इथे हेल्गीचा बूट रुतला."

मारेट हसली. मग हसायची थांबली.
म्हणाली, हेच शेवाळ तिकडे चिखलात
हजारो वर्षं कार्बन दाबून धरतं, बिनविजेचं.
इथे त्याला गार ठेवायला आपण दगड जाळतोय.
मी विचारलं, हे वहीत कुठल्या रकान्यात लिहू?

परवानगीला सात आठवडे लागले, तीन सह्या.
शेवटी कुणीतरी हेल्गीबाईंना फोन केला. वय एक्याऐंशी.
पलीकडे बराच वेळ काही नाही. मग,
"बूट काही मिळाला नाही. करा बंद."

प्लग मीच काढला, समिती जेवायला गेली होती.
कण्हणं थांबलं,
आणि तळमजल्यावरचं घड्याळ ऐकू आलं.
इथे घड्याळ आहे हे ठाऊक होतं, वाजतं हे नव्हतं.
वीस मिनिटं मागे होतं.

वार्षिक अहवालात शोधून काढलं:
शून्य पूर्णांक शून्य चार टक्के बचत.
छपाईची चूक वाटावी एवढं.
बर्फ वितळून दोन दिवस पाणी येत होतं,
सहा बादल्या. त्या अहवालात नाहीत.

एप्रिलमध्ये आम्ही तिघी गेलो,
दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेने.
बाटल्या एकेक करून उपड्या केल्या.
हेल्गीबाई काठी टेकून वाकल्या होत्या, पाण्यात बघत.
"उजवा होता," म्हणाल्या. "तपकिरी."

आता आठ नंबर.
तोही कण्हतो, त्यावरही पट्टी आहे.
पण त्याचा प्राध्यापक जिवंत आहे,
रोज सकाळी मला नमस्कार करतो.
ते जास्त अवघड जाणार आहे.